पावणेतीन मिलिमीटरसाठी घाट अडवू नका

पत्र (थोडक्यात): मी चाळिशीतला, डोंबिवलीला राहतो, बँकेत नोकरी. लहानपणी पुण्याला आजोळी जाताना कर्जतला गाडीला मागून बँकर, म्हणजे घाटात ढकलणारं जादा इंजिन, लागायचं ते बघायला मी दारात उभा राहायचो. तेव्हापासून बोरघाट डोक्यात बसला आहे. दोन वर्षांपूर्वी घरात भिंतीलगत १२ फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा मिळाली, एक लाख रुपये बाजूला काढले. एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापात, कर्जत ते लोणावळा मॉडेल रेल्वे उभी करायची, डेक्कन क्वीनसह. त्यातले चाळीस हजार एका स्विस 'क्रोकोडाइल' इंजिनावर गेले. आपल्या 'खेकडा' नावाच्या जुन्या विजेच्या इंजिनासारखं दिसतं म्हणून घेतलं, आता कळतंय की चाकांची मांडणीच निराळी आहे. एक मित्र म्हणतो, बाजारातल्या १६.५ मि.मी.च्या रुळांवर भारतीय ब्रॉडगेज दाखवणं मुळातच चूक, १९.३ मि.मी.चे रूळ हातानं टाक. दुसरा म्हणतो, कसंही कर, बघणार कोण आहे? बायको विचारते, दोन वर्षांत एकही गाडी का धावली नाही. तपशील, अचूकपणा आणि खर्च यांचा मेळ कसा घालू?

उत्तर:

आधी रुळांचं मिटवू, कारण तुमचं सगळं तिथेच अडलं आहे.

पहिल्या मित्राचा हिशेब चोख आहे. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मि.मी.चं. त्याला ८७ ने भागलं की १९.३ मि.मी.च्या जवळ येतं. बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मि.मी.चा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मि.मी.च्या गेजसाठी बनलेला आहे. फरक पावणेतीन मिलिमीटरचा. गाडी समोरून येताना बघितली तर तो डोळ्याला जाणवतो: डबा रुंद आणि खालचे रूळ जवळजवळ आलेले. पण बाजूने बघितलं तर अजिबात कळत नाही. आणि तुमची जागा भिंतीलगतची आहे. तिच्यापुढे उभा राहणारा माणूस गाडी बाजूनेच बघणार आहे.

या तडजोडीला मोठा इतिहास आहे, हे मित्रालाही सांगा. ब्रिटनमध्ये ओओ नावाचं स्केल चालतं. तिथे गाड्या १:७६ च्या आणि रूळ मात्र तेच १६.५ मि.मी.चे, म्हणजे त्यांचा स्वतःचा स्टँडर्ड गेजसुद्धा अरुंदच दिसतो. ज्यांना ते सहन झालं नाही त्यांनी १८.२ मि.मी.चा ईएम आणि १८.८३ मि.मी.चा पी-फोर असे गेज काढले. पण बहुसंख्य लोक पिढ्यानपिढ्या ओओवरच सुंदर लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडण्या, करत आले. आयर्लंडचं ब्रॉडगेज ५ फूट ३ इंचांचं. तिथलेही बरेच मॉडेलकार १६.५ वरच गाड्या चालवतात. यांतल्या कुणालाही आपला गेज ठाऊक नाही असं नाही. पैसे आणि वेळ कुठे घालायचे हे त्यांनी ठरवलेलं असतं, एवढंच.

१९.३ चा रस्ता धरला तर प्रत्येक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) हातानं बांधावा लागेल, प्रत्येक इंजिनाच्या आणि डब्याच्या चाकांचे अ‍ॅक्सल बदलावे लागतील आणि बाजारातली एकही गाडी खोक्यातून काढून रुळावर ठेवता येणार नाही. सराव असलेल्या माणसाला यात आनंद आहे. पण दोन वर्षांत एकही गाडी न धावलेल्या घरात हे काम सुरू करू नका. १६.५ वर जा. आजच ठरवा आणि तो विषय बंद करा.

मित्राला मात्र एक गोष्ट जरूर सांगा, त्याला आवडेल. पी-फोरच्या १८.८३ मि.मी.ला ८७ ने गुणलं तर १६३८ येतात. म्हणजे ब्रिटिश पी-फोरची तयार चाकं १:८७ च्या डब्याखाली बसवली तर आपल्या ब्रॉडगेजला खऱ्या मापात चारच सेंटिमीटर कमी पडतात. कधी काळी काचेच्या पेटीत ठेवायला दीड फुटाचा एक अस्सल तुकडा करावासा वाटला तर ती वाट मोकळी आहे. त्या तुकड्यावर गाडी धावायची नाही, त्यामुळे सांध्यांची कटकट नाही.

आता तपशिलाकडे. तुमच्या दुसऱ्या मित्राचा प्रश्न, बघणार कोण, त्याने झटकून टाकण्यासाठी विचारला असेल, पण मला तो फार कामाचा वाटतो. बघणारा कुठून बघणार आहे? लेआउटच्या कडेला उभं राहिलं की गाडी साधारण ९० सें.मी.वर असते. ८७ ने गुणा: खऱ्या जगात तुम्ही गाडीपासून ७८ मीटरवर उभे आहात. कर्जतच्या यार्डापलीकडे उभं राहून गाडी बघितल्यासारखं. तिथून काय दिसतं ते आठवा. डब्याचा रंग दिसतो, खिडक्यांची ओळ दिसते, छताची गोलाई, अंडरफ्रेमची काळी गर्दी, धुळीने तपकिरी झालेला खालचा भाग दिसतो. दाराच्या मुठीचा आकार दिसत नाही. चांगल्या डोळ्यालाही ९० सें.मी.वरून साधारण पाव मिलिमीटरपेक्षा बारीक गोष्ट सुटी ओळखता येत नाही, म्हणजे खऱ्या मापात सुमारे २२ मि.मी. त्याहून लहान असलेल्या कशावरही पैसे घालायचे असतील तर ते स्वतःच्या समाधानासाठी घाला, पण ते दिसेल अशी आशा ठेवू नका.

उलट प्रमाण चुकलं की ते त्याच अंतरावरून खटकतं. आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नमुन्याचा) डबा बफरसकट सुमारे २२.३ मीटरचा, म्हणजे एचओमध्ये २५.६ सें.मी. रुंदी ३.२४५ मीटर, म्हणजे ३७ मि.मी.च्या वर. युरोपातले डबे अंगाने अरुंद असतात, त्यांना नुसता आपला मरून रंग मारला की काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं आणि काय ते सांगता येत नाही. कारण ते रुंदीत असतं. म्हणून डब्यांवर आयात खर्च करू नका, डबे इथे बनवा. आयसीएफचा डबा मॉडेलकारावर मेहेरबान आहे: तो वेल्डिंगचा, बाजू सपाट आणि गुळगुळीत. रिव्हेट मोजायची वेळच येत नाही. एक मि.मी.चं स्टायरिन प्लॅस्टिकचं शीट, लेझरने कापलेल्या बाजू, थ्रीडी प्रिंट केलेलं छताचं टोक. खिडक्यांचे गज पातळ पारदर्शक शीटवर छापून आतून चिकटवले तरी ७८ मीटरवरून गजच वाटतात. आतली बाकं नुसत्या तपकिरी पट्ट्या असू द्या.

घरी बनवलेल्या डब्यांचा खरा शत्रू हलकेपणा आहे. अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेचं एचओसाठी एक जुनं प्रमाण आहे: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपला डबा दहा इंचांचा, म्हणजे सहा औंस, सुमारे १७० ग्रॅम. स्टायरिनचा डबा त्याच्या निम्माही भरत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी वायसर आणा आणि जमिनीच्या फळीवर, बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या) मधोमध, खाली बसतील असे चिकटवा. तुमच्यासाठी हे इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचं, कारण तुमच्या गाडीला मागून ढकलणारं इंजिन लागणार आहे. हलका डबा ढकलला की वळणावर उचलला जातो.

आता घाट. कर्जत ते लोणावळा करायचं म्हणता. जीआयपी रेल्वेने १८६३ मध्ये खुल्या केलेल्या या घाटाची चढण सुमारे ५५८ मीटरची. १:८७ मध्ये ती ६.४ मीटर भरते, दुमजली घराएवढी. चढणीची लांबी २४ किलोमीटरच्या घरात धरली तर मॉडेलमध्ये पावणेतीनशे मीटर. तुमच्याकडे साडेतीन मीटरच्या थोडं वर आहे. त्यात लोणावळा, खंडाळा, मंकी हिल, ठाकूरवाडी, जांब्रुंग, पळसदरी, कर्जत सगळं कोंबलं तर प्रत्येक ठिकाण एका फलाटाएवढंही राहणार नाही आणि एकही ओळखू येणार नाही.

फक्त कर्जत करा. कर्जतचं पुण्याकडचं टोक आणि घाटाची सुरुवात. तुमच्या आठवणीतला सगळा जीव तिथेच आहे: गाडी थांबते, मागे बँकर येतं, जोडलं जातं, फलाटावर वडेवाल्यांची धावपळ, मग पुढच्या आणि मागच्या इंजिनाच्या शिट्ट्या आणि गाडी निघते. डावीकडचे सहा फूट कर्जत, उजवीकडचे सहा फूट चढण आणि शेवटी बोगदा. बोगद्यापलीकडे गाडी चालवायच्या वेळी जोडता येईल अशी चार फुटांची सुटी फळी, तिच्यावर दोन सायडिंग, म्हणजे गाडी उभी करायचे बाजूचे रूळ. प्रेक्षकाला ती दिसत नाही, तिथे रंगरंगोटीचा एक पैसाही खर्च नाही.

अडीच फुटांत गाडी गोल फिरवायचा मोह टाळा. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी असा अनुभवाचा ठोकताळा आहे. आपल्या डब्याला म्हणजे पाऊण मीटर त्रिज्या, दीड मीटर व्यास. तुमच्या फळीवर ३६ सें.मी.चं वळण कसंबसं बसेल, पण त्यावर आयसीएफचा डबा दोन्ही टोकांनी इतका बाहेर लोंबतो की वर्षभर मेहनत करून साधलेलं प्रमाण एका वळणावर वाया जातं. गाडी इकडून तिकडे जाऊ दे. खऱ्या कर्जतलाही ती गोल फिरत नाही.

चढाचं एक सांगायलाच हवं, कारण इथे अस्सलपणा फुकट मिळतो. बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आत. लेआउटवर दोन-तीन टक्के चढ इंजिनं बिनतक्रार चढतात. म्हणजे जगातल्या नामांकित घाटांपैकी एकाचा चढ तुम्ही मि.मी.ला मि.मी. खरा दाखवू शकता! सहा फुटांत गाडी पाच सें.मी. वर जाईल. पायथ्याशी आणि माथ्याशी चढ हळूहळू सुरू होऊ द्या, एकदम मोडला तर कपलर सुटतात. पाच सें.मी. कमी वाटतील, पण उंचीची जाणीव चढण्याने कमी आणि शेजारच्या दरीने जास्त येते. रुळांच्या पुढची जमीन फळीच्या खाली वीस-पंचवीस सें.मी. उतरवा. त्यासाठी अखंड प्लायवर लेआउट बांधू नका. चौकट करा आणि रुळांपुरतीच प्लायची पट्टी वर उचला. घाटात तीन मार्ग आहेत, त्यांतला एक चालता ठेवा, दुसरा नुसता दिसायला. मागच्या डोंगरावर घरं दाखवायची असतील तर ती मुद्दाम एन स्केलची, १:१६० ची घ्या. लहान घरं लांब वाटतात आणि दोन फुटांत दोन किलोमीटर मावतात. मापाने हे चूक आहे आणि डोळ्याला अगदी बरोबर.

आता क्रोकोडाइलबद्दल. तुम्हाला कळलंय ते खरं आहे. आपला खेकडा, डब्ल्यूसीजी-१, स्वित्झर्लंडच्याच एसएलएम कारखान्याच्या आराखड्याचा. त्यातली बरीच इंजिनं इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली, म्हणून घराणं एकच वाटतं. पण स्विस इंजिनाला दोन्ही टोकांना एकेक लहान चाकांची जोडी जास्तीची असते, ती खेकड्याला नाही. ती काढून टाकली तरी पुढचा भाग रिकामा दिसतो आणि सगळी अंगकाठी बदलावी लागते. चाळीस हजारांच्या इंजिनावर करवत चालवू नका.

तुम्ही चाळिशीतले आहात. म्हणजे तुम्ही कर्जतला दारात उभं राहून जे बँकर बघितलंत ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरचं. ते खेकड्यापेक्षा डब्ल्यूसीजी-२ असण्याचीच शक्यता जास्त. चित्तरंजनला सत्तरच्या दशकात बांधलेलं, १५०० व्होल्ट डीसीवर चालणारं, घाटाच्या बँकिंगसाठी वर्षानुवर्षं राबलेलं इंजिन. त्याचं अंग म्हणजे सरळसोट पेटी आहे, बाजूला जाळ्या आणि दोन तोंडं. घरी करायला याहून सोपं भारतीय विजेचं इंजिन शोधून सापडणार नाही. सहा अ‍ॅक्सलचं, अंतरं साधारण जुळणारं एखादं जुनं अमेरिकन डिझेल इंजिन सेकंडहँड घ्या, वरचं कवच बाजूला ठेवा आणि त्याच्या चासीवर आपली पेटी बसवा. बोगीतल्या चाकांमधली अंतरं दोन-तीन मि.मी.ने चुकली तर चुकू द्या, बोगीच्या बाजूच्या फ्रेम तेवढ्या आपल्या आकाराच्या प्रिंट करून लावा.

क्रोकोडाइल विका. मूळ खोकं, कागद आणि चांगली स्थिती असेल तर या इंजिनाला संग्राहक मिळतात. विकताना ते दोन-रुळी डीसीचं आहे की मधला संपर्क लागणारं तीन-रुळी एसीचं, हे तपासून स्पष्ट लिहा, किमतीवरून पुढे वाद होत नाहीत. तीन-रुळी निघालं तर ते तुमच्या लेआउटवर तसंही धावणार नव्हतं.

आणि डेक्कन क्वीन पहिल्या वर्षी करू नका. मला माहीत आहे की हे तुम्हाला लागेल. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी आपल्या सगळ्यांच्या मनातली. पण तिचा रेक तिच्याच रंगाचा असतो, तो दुसऱ्या कुठल्याही गाडीला चालत नाही. मरून रंगाचे तीन आयसीएफ डबे केलेत तर तेच डबे सकाळी कोयना, दुपारी सिंहगड, रात्री महालक्ष्मी. डब्याच्या कुशीला लावायच्या पाट्या तेवढ्या बदला. पाटीमागे लोखंडाची पातळ चकती आणि डब्याच्या आत बारकं चुंबक ठेवलं की बदलायला काही सेकंद लागतात. तीन डबे, पुढे डब्ल्यूसीएम (त्याच काळचं डीसीवरचं इंजिन), मागे बँकर, मिळून सव्वा मीटरची गाडी. सहा फुटांच्या कर्जतमध्ये ती छान बसते आणि मागे बँकरला यायला जागाही उरते. खरी चोवीस डब्यांची गाडी नुसत्या डब्यांनीच सहा मीटरच्या वर जाईल, ते कुणाच्याच घरात होत नाही. दुसऱ्या वर्षी डेक्कन क्वीन घ्याल तेव्हा सुरुवात डायनिंग कारपासून करा. तुमच्या सगळ्या लेआउटवर आतल्या टेबल-खुर्च्या, दिवे आणि माणसं यांवर वेळ घालावा असा तोच एक डबा आहे, कारण बघणारा वाकून त्याच्या खिडकीत डोकावतोच.

हे सगळं जमायला काळ नक्की केलेला हवा. तुमचं १९८५ ते १९९० धरा आणि भिंतीवर लिहून ठेवा. मग नंतरच्या काळातले एलएचबीचे लाल डबे, डब्ल्यूएजी-७ चे बँकर, डिजिटल इंडिकेटर यांच्या आकर्षक जाहिराती दिसल्या तरी पाकीट बंद राहतं. काळ ठरवण्याला दमडी लागत नाही आणि लेआउट खरा वाटण्यात त्याचा वाटा सगळ्यात मोठा आहे. फलाटावरची फोनची पेटी, भिंतीवरच्या जाहिराती, रिक्षांचा आकार, बायकांच्या साड्या: एका काळातल्या असल्या की माणूस म्हणतो, अरे, हे तर आपलं कर्जत.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत ते आता सांगतो. रूळ, सांधे, चाकं आणि मोटर. बाकी सगळं कालांतराने सुधारता येतं, पण डोलणारा सांधा एकदा खडीत चिकटवला की तो काढताना अर्धं यार्ड उखडतं. पितळी रूळ स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. तुमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्यांच्यावर जो थर चढतो तो वीज अडवतो, आणि दर आठवड्याला घासत बसावं लागतं. निकेल सिल्व्हरचे घ्या. उंचीने कोड ७५ चा रूळ, म्हणजे १.९ मि.मी.चा, आपल्या ५२ आणि ६० किलोच्या (मीटरमागे वजन) रुळांच्या सर्वांत जवळचा आहे. ५२ किलोचा रूळ १५६ मि.मी. उंच असतो, तो १:८७ ला १.८ मि.मी. येतो. कोड १०० चा अडीच मि.मी.चा रूळ जाड असतो, पण त्याच्या बाजूंना गंजासारखा तपकिरी रंग मारला तर दुरून पातळ दिसतो. बोगद्यात आणि त्या सुट्या फळीवर कोड १०० लावा, समोर कोड ७५. सांधे चार पुरेत. खाली १२ मि.मी.चं चांगलं वॉटरप्रूफ प्लाय वापरा, एमडीएफ पावसाळ्यात फुगतं.

डीसीसी (एकाच रुळावर प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारी डिजिटल पद्धत) घ्यायचं की साधं डीसी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते खर्चाच्या मध्यभागी बसलेलं आहे. एकच गाडी धावायची असती तर मी साधं डीसी सांगितलं असतं. तुमच्या गाडीला पुढे एक आणि मागे एक इंजिन आहे, दोन्हीचा वेग जुळायला हवा आणि बँकर स्वतंत्रपणे हलायला हवं. हे डीसीसीत सरळ होतं: प्रत्येक इंजिनाचा पत्ता वेगळा, आणि डिकोडरमधल्या, म्हणजे इंजिनात बसवलेल्या डीसीसीच्या चिपमधल्या, सुरुवातीच्या, मधल्या आणि कमाल वेगाच्या सेटिंग्ज, म्हणजे सीव्ही २, ६ आणि ५, बदलून दोन्ही समान वेगाने पळवता येतात. तेव्हा सगळ्यात साधा डीसीसी संच घ्या आणि आवाजाचे डिकोडर घेऊ नका. त्यात बहुतेक परदेशी इंजिनांचे आवाज असतात. डब्ल्यूसीजी-२ च्या तोंडून अमेरिकन डिझेलची धडधड ऐकण्यापेक्षा शांतता बरी.

आयात करताना कराचा हिशेब आधी करा. रेल्वे मॉडेलं सीमाशुल्काच्या दृष्टीने खेळण्यांच्या गटात येतात, आणि खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेलं. त्यावर अधिभार, जीएसटी आणि कुरिअर. परदेशी साइटवर दिसणारी किंमत दुपटीच्या आसपास जाईल असंच धरून चाला. म्हणून परदेशातून फक्त जे इथे होत नाही ते: रूळ, सांधे, चाकं, चासी, डिकोडर. त्यातही इथल्याच छंदी लोकांकडून सेकंडहँड आधी शोधा.

बाकी सगळा घाट घरच्या सामानात होतो. दिवाळीत किल्ला केलेला माणूस आहात ना? मग डोंगर तुम्हाला कुणी शिकवायला नको: टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, त्यावर खळ लावलेले वर्तमानपत्राचे तुकडे, वर प्लॅस्टरचा पातळ हात. फक्त आपला सह्याद्री आडव्या थरांचा आहे हे विसरू नका. काळ्या बेसाल्टचे थर एकावर एक, मध्ये एखादी तांबूस रेघ, कडे सरळ तुटलेले. विदेशी व्हिडिओ बघून टोकदार, तिरप्या खडकांचे डोंगर केले तर ते आल्प्स होतात. एक-दोन पावसाळी सुट्ट्यांत पळसदरीच्या बाजूला फिरा आणि नुसता कडा बघा, याला काही खर्च नाही.

खडीही इथलीच. क्रशरवरची बारीक कच आणा. खरी खडी ६५ मि.मी.पर्यंत असते, आपल्या मापात पाऊण मि.मी. रव्याच्या चाळणीतून खाली पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील तेवढीच घ्या. धुवून वाळवा आणि, हे चुकवू नका, तिच्यातून कागदात गुंडाळलेलं जोरदार चुंबक दोन-तीनदा फिरवा. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. त्याची पूड इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटली की महागातली मोटर खराब होते. मग फेव्हिकॉल आणि पाणी अर्धंअर्धं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या हलत्या भागांजवळ नको, तिथे कोरडीच राहू द्या.

ओएचईच्या, म्हणजे रुळांवरच्या विजेच्या, तारा पहिल्या वर्षी लावू नका. खांब आणि पोर्टल (रुळांवरच्या आडव्या कमानी) तेवढे उभे करा, पितळी पट्ट्यांचे किंवा प्रिंट केलेले, आणि पँटोग्राफ तारेच्या उंचीला अडकवून ठेवा. डोळा तार स्वतःच भरून घेतो, आणि तुमचा हात रुळांवर साफसफाईला मोकळा राहतो.

पुण्याला आजोळी जाणं अजून होत असेल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम घरच्यांना घेऊन बघा. एकाच वेळी अनेक गाड्या चालत्या ठेवायला काय काय लागतं ते तिथे डोळ्यांसमोर दिसतं. रिव्हेट बघू नका, रुळांची जोडणी आणि सांधे बघा.

बायकोच्या प्रश्नाबद्दल: ती बरोबर विचारते आहे, आणि तिला उत्तर गाडीनेच द्यायला हवं. उरलेल्या साठ हजारांतून आधी प्लाय, समोरचे रूळ, चार सांधे, डीसीसी संच आणि एक चासी, एवढंच घ्या. डोंगर नाही, डबे नाहीत. उघड्या प्लायवर ते इंजिन, कवच नसलं तरी चालेल, कर्जतपासून सुट्या फळीपर्यंत चढवा आणि उतरवा. दोन-तीन आठवडे नुसतं हेच. रुळांच्या चुका आत्ता सापडतात, खडीखाली गेल्यावर नाही. क्रोकोडाइल विकलं की त्या पैशांतून बँकरची चासी आणि डब्यांची चाकं. तिथून पुढे महिन्याची एक ठरलेली रक्कम घरात सांगून ठेवा, ती मिळून ठरवा आणि ओलांडू नका. मोठी खरेदी दोन महिन्यांची रक्कम साठवूनच.

आणि १९.३ वाल्या मित्राला सोडू नका. हाताने रूळ टाकायची ज्याची तयारी आहे त्याच्याकडे नेमका तो हात आहे जो तुमच्या चार सांध्यांना लागणार आहे: टोकं घासणं, चेक रेलची अंतरं तपासणं, वायरी जोडणं. पहिल्या रविवारी त्यालाच बोलवा आणि सांधे त्याच्या ताब्यात द्या.